चिखल कुठं मिळेल?

फोर बाय फोर गाडी घेतली की माणसाला पहिला साक्षात्कार होतो तो असा, की कंपनीनं टायर चुकीचे दिलेत. इंजिन झकास, गिअरबॉक्स दणकट, सस्पेन्शनबद्दल तर बोलायलाच नको. पण टायरपाशी येऊन कंपनीतल्या तमाम इंजिनिअरांची बुद्धी एकदम गहाण पडली, असं त्याला मनापासून वाटतं. शोरूमबाहेर पूजा होऊन चाकाखालचं लिंबू चिरडलं जातं. त्या क्षणी टायरवर गेलेली नजर पुढं कित्येक महिने तिथून हलत नाही.

आमच्या दाजींनी थार घेतली. नाशिकच्या कारखान्यात बनलेली, वरचं मॉडेल, त्यामुळं कंपनीकडूनच १८ इंची ऑल-टेरेन टायर. ऑल-टेरेन म्हणजे डांबर, मुरूम, माती, सगळीकडं चालणारे. दाजींची नोकरी हिंजवडीत, घर सिंहगड रोडला. या दोन ठिकाणांच्या मध्ये वरच्या सगळ्या गोष्टी असतात, शिवाय मेट्रोचं सामानही असतं. तरीसुद्धा आठवड्याभरात दाजी म्हणाले, "राव, हे टायर फारच सोज्वळ आहेत."

टायरमध्ये सोज्वळ आणि वात्रट अशी वर्गवारी असते, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यात सोज्वळ एच.टी., म्हणजे हायवे टेरेन. नक्षी बारीक, आवाज नाही, मायलेज चांगलं. हे टायर कुणीही मुद्दाम मागत नाही, ते आपसूक वाट्याला येतात. त्याच्यावर ए.टी., म्हणजे ऑल-टेरेन. टोकाला एम.टी., मड टेरेन. हाताच्या पंज्याएवढी बटणं आणि दोन बटणांच्या मधल्या खाचेत चपातीचा डबा राहील एवढी जागा. अलीकडं ए.टी. आणि एम.टी.च्या मध्ये आर.टी. नावाचा एक प्रकार आलाय, रगेड टेरेन. ज्याला एम.टी. हवेत पण घरच्यांची परवानगी नाही, त्याच्यासाठी तो काढला असावा, असा माझा अंदाज आहे.

टायरच्या दुकानात शेठ पहिला प्रश्न विचारतात तो असा : "वापर काय? ऑन-रोड किती टक्के, ऑफ-रोड किती टक्के?" या प्रश्नाला खरं उत्तर दिलेला गिऱ्हाईक अजून जन्माला यायचाय. दाजींनी क्षणभर डोळे मिटून "फिफ्टी-फिफ्टी" असं सांगितलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. गाडी रोज ऑफिसला जाते. रविवारी भाजी आणायला जाते. महिन्यातून एकदा कराडला सासूबाईंकडं. यात पन्नास टक्के ऑफ-रोड बसवायचं तर ऑफिसच्या पार्किंगचा उतारही धरावा लागतो. शेठनी मात्र चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता मान डोलावली. रोज दहा माणसं त्यांना फिफ्टी-फिफ्टी सांगत असणार. त्या सगळ्यांची टक्केवारी खरी असती, तर पुण्याची निम्मी वाहतूक कायम तोरण्याच्या पायथ्याशी असती आणि कर्वे रोड मोकळा राहिला असता.

मग टायरवरचा आकडा वाचायचा कार्यक्रम. २५५/६५ आर १८. लग्न जुळवताना पत्रिकेत नाडी, गण आणि मंगळ वेगवेगळ्या हिशेबानं बघतात, तसंच हे प्रकरण आहे. पहिला आकडा मिलीमीटरमध्ये : टायरची रुंदी २५५ मिलीमीटर. दुसरा टक्क्यांत : साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के. तिसरा इंचांत : रिमचा व्यास १८. एका ओळीत फ्रेंच माप, वाण्याचा टक्का आणि इंग्रजांचा इंच असे तिघं गुण्यागोविंदानं नांदतात. सगळं गणित केलं की टायरची उंची साधारण ७८९ मिलीमीटर भरते, म्हणजे ३१ इंच. दाजींनी हे गणित तोंडी केलं. पोराच्या सातवीच्या शेकडेवारीला हेच दाजी "आईला विचार" म्हणाले होते.

त्या आकड्याच्या पुढं आणखी एक अक्षर असतं, वेगमर्यादेचं. बऱ्याच एम.टी. टायरांवर 'क्यू' असतो, म्हणजे ताशी १६० किलोमीटरपर्यंत चालेल. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. दाजींना क्यू जरा कमी वाटला. या यादीची सुरुवात कुठून होते ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. ती होते 'ए-१'पासून. ए-१ म्हणजे ताशी पाच किलोमीटर. ए-२ म्हणजे दहा, ए-३ म्हणजे पंधरा. संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीहून निघणाऱ्या गाडीला ए-२ लावला तरी तो टायर आयुष्यभर मर्यादेत राहील.

दुकानात आणखी एक सद्गृहस्थ होते. त्यांना तीन शिखरं आणि मध्ये हिमकण अशा चिन्हाचाच टायर हवा होता. बर्फातल्या चाचणीत पास झालेल्या टायरलाच ते चिन्ह मिळतं. गाडी कुठं चालवता, असं विचारल्यावर "भोर" म्हणाले. दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, त्या एका सकाळची तयारी असावी.

दाजींच्या मनात खरं तर ३३ इंची टायर होते. ऑफ-रोडवाल्यांच्या जगात ३३ या आकड्याला मोठा मान आहे. पण ३१च्या जागी ३३ चढवले की काय काय होतं, ते शेठनीच सांगितलं. माल विकायला बसलेला माणूस माल घेऊ नका म्हणतो, तेव्हा नीट ऐकावं. एक तर पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो; मग गाडी उचलायची, म्हणजे लिफ्ट किट आलं. दुसरं म्हणजे चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण स्पीडोमीटर बिचारा जुन्याच चाकाचा हिशेब करत बसतो. काटा १०० दाखवतो तेव्हा जुन्या चाकाच्या मानानं गाडी १०६च्या हिशेबानं पळत असते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोकळ्या भागात मर्यादा १००ची, आणि वरचे कॅमेरे आपल्या काट्याकडं बघत नाहीत. तिसरं, इंजिनावर ओझं वाढतं आणि मायलेज उतरतं. चौथं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडीत मूळ रचनेबाहेरचा बदल केला की आर.टी.ओ. विचारणार आणि अपघात झाला की विमा कंपनीही विचारणार. पाचवं, स्टेपनी. थारची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली. ३३ इंची एम.टी.चं वजन त्या बिजागऱ्यांवर आलं की दार काही महिन्यांत कुरकुरायला लागतं.

दाजी ३३वरून उतरले, पण एम.टी.वरून उतरले नाहीत. मूळ मापातच एम.टी. घ्यायचे ठरले. किती घ्यायचे? चार की पाच? आता इथं भल्याभल्यांचा पाय घसरतो. चारच घेतले आणि स्टेपनी जुनी ठेवली, तर रानात पंक्चर झाल्यावर तीन चाकं एका उंचीची आणि एक चाक दुसऱ्या उंचीचं. अशी गाडी फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गिअरमध्ये, घातली की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांशी भांडत बसतात, कारण अशा गाड्यांत दोघांच्या मध्ये समेट घडवणारा डिफरन्शिअल नसतो. त्यामुळं पाच. पाचव्या टायरचे पैसे ऐकून ताई काही बोलली नाही. ती बोलली नाही याचाच दाजींना जास्त धसका बसला.

जुने पाच टायर फेकवेनात. ते फ्लॅटच्या गॅलरीत आले. अडीच फुटांहून मोठा टायर आणि चार फुटांची गॅलरी, म्हणजे कपडे वाळत घालायला जायचं तर टायर ओलांडून जायचं. ताईनं दुसऱ्या दिवशी तळाला गोणपाट घालून एकात अळू लावलं, दुसऱ्यात गवती चहा. बाकीचे तीन एकावर एक रचून त्यावर तुळस ठेवली.

इकडं नवे टायर चढले. पांढरी अक्षरं बाहेर ठेवायची की आत, यावर अर्धा तास चर्चा झाली. असल्या काही टायरांना एका बाजूला पांढरी ठळक अक्षरं असतात, दुसऱ्या बाजूला काळी. काळी बाजू बाहेर ठेवणारा माणूस मुरलेला समजला जातो. दाजींनी पांढरी बाहेर ठेवली आणि दर रविवारी सकाळी जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती घासायला लागले. पाचही टायरांची अक्षरं, स्टेपनीसकट. वॉचमन शेजारी बादली धरून उभा. मड टेरेन टायर इतका स्वच्छ मी दुकानातही पाहिला नव्हता.

नव्या टायरवर रबराचे बारीक बारीक केस असतात, ते तुम्ही पाहिलेत का? साच्यात रबर दाबून भरताना हवा बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. त्यांत थोडं रबर शिरतं, त्याचेच हे केस. ऑफ-रोडवाल्यांच्या पार्किंगमधून फिरताना यांच्याकडं बघावं. डांबरावर घासणाऱ्या भागाचे केस पहिल्या काही दिवसांतच जातात. पण खांद्यावरचे आणि साइडवॉलवरचे केस दगडाला, फांदीला किंवा चिखलाला घासल्याशिवाय जात नाहीत. छपरावर कुदळ, फावडं, जेरीकॅन, वाळूत घालायच्या नारिंगी पट्ट्या, पुढं विंच, आणि टायरच्या कुशीला केस जसेच्या तसे, लहान बाळाच्या जावळासारखे. मी तरी गाडीवाल्याच्या कथा ऐकण्याआधी खाली वाकून केस बघून घेतो.

एम.टी.चा आवाज हा एक स्वतंत्र विषय आहे. ताशी ४०ला घूं, ६०ला घोंऽऽ, आणि ८०च्या पुढं गाडीच्या खाली कुणीतरी पिठाची गिरणी सुरू केल्यासारखं. बटणांच्या मधल्या मोठ्या खाचांत हवा कोंडून सुटते, त्याचा हा आवाज. कराडच्या पहिल्याच फेरीत खंबाटकी ओलांडेपर्यंत ताईनं दाजींना तीनदा विचारलं, "गाडीला काही झालंय का?" दाजी अभिमानानं म्हणाले, "टायरचा आवाज आहे." ताई म्हणाली, "मग टायरला काही झालंय का?" त्यात खाचेत अडकलेली खडी. शहरात एक टपोरा खडा अडकला की टक टक टक अशी सोबत घरापर्यंत. हायवेवर वेग वाढला की तोच खडा सुटतो आणि मागच्याच्या काचेवर जातो. मागच्यानं दिव्यांची उघडझाप केली की दाजींना वाटायचं, टायर आवडले.

आवाजाचं एक वेळ सोडून देऊ. पावसाळी डांबराचं तसं नाही. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती जमिनीला टेकलेल्या रबरामुळं आणि त्या रबरावर पाणी कापणाऱ्या बारीक चिरांमुळं. एम.टी.मध्ये खाचा मोठ्या, म्हणून टेकलेलं रबर कमी, चिरा मोजक्याच, रबरही बऱ्याचदा कडक. त्यामुळं जुलैत ताम्हिणीच्या वळणावर ब्रेक दाबला की ही पहाडी गाडी साध्या हॅचबॅकपेक्षा पुढं जाऊन थांबते. आणि ताम्हिणी घाटात पक्का रस्ता आहे. चिखलासाठी घेतलेले टायर घेऊन लोक चिखलाकडं जातात ते शंभर किलोमीटर ओल्या डांबरावरूनच. हा हिशेब दुकानात कुणी मांडत नाही.

बरं, चिखल तरी कुठं मिळावा? पुण्याच्या आसपास चिखल शोधणं हे टायर शोधण्याहून अवघड काम आहे. जिथं चिखल आहे तिथं कुणाचं तरी भाताचं खाचर आहे. जिथं खाचर नाही तिथं वनखात्याची पाटी. उरलेल्या जागी प्लॉटिंग. दाजींच्या ऑफ-रोडवाल्या ग्रुपमध्ये पावसाळाभर एकच प्रश्न फिरत होता : चिखल कुठं मिळेल? शेवटी मुळशीकडं कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाची पडीक जमीन निघाली. सात गाड्या, दोन वॉकी-टॉकी, इडली-चटणीचे डबे आणि मी, असे सगळे तिथं पोचलो.

दाजी पहिल्यांदा उतरले, फोर-लो लावून, खिडकी खाली, कोपर बाहेर. वीसेक फूट गाडी राजासारखी गेली. मग चारही टायरांच्या खाचा चिखलानं गच्च भरल्या, बटणं दिसेनाशी झाली आणि त्या महागड्या एम.टी.चे बघता बघता चार गोटा टायर झाले. एम.टी.ची खाच स्वतःला साफ करते हे खरं. पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं. दाजींनी ते जोरात फिरवलं. चिखल उडाला, इडलीच्या डब्यापर्यंत आला, आणि गाडी चासीपर्यंत खाली गेली. बटणं खणायला उत्तम असतात.

मग ट्रॅक्टर आला. हे वाक्य ऑफ-रोडिंगच्या प्रत्येक खऱ्या गोष्टीत असतं. ज्यात नसतं ती गोष्ट खोटी समजावी. ट्रॅक्टर टू-व्हील ड्राइव्ह, पुढचे दोन टायर पार गोटा. मागच्यांवर तिरक्या जाड पट्ट्या, आणि आत हवेच्या जोडीला पाणी भरलेलं. वजनासाठी ट्रॅक्टरवाले मागच्या टायरात पाऊण भाग पाणी भरतात, म्हणजे चाक जमिनीवर दाबून बसतं. चालवणारा तरुण मोबाइलवर बोलत बोलतच आला. वायर-रोप अडकवता अडकवता त्यानं दाजींना विचारलं,

"साहेब, हवा किती हाय?"

"बत्तीस."

"चिखलात बत्तीस?" त्यानं फोन बाजूला केला. "आवो, आमच्या ट्रॅक्टरला बी एवढी नस्ती."

ते खरं होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात बारा-चौदा पौंड हवा पुष्कळ होते. हवा कमी केली की टायर खाली पसरतो, रुंदीपेक्षा लांबीला जास्त, आणि तेच वजन जास्त जमिनीवर वाटलं जातं. चिखलात अठरा-वीस, सुक्या वाळूत पंधराच्या आसपास, मग साधा ए.टी.सुद्धा निघून जातो. बत्तीसचा एम.टी. तिथंच बसून राहतो. दाजींना टायरच्या कंपन्या, रबराचं मिश्रण, साइडवॉलचे थर हे सगळं तोंडपाठ होतं. हवेला मात्र कुणी विचारलंच नव्हतं, कारण ती फुकट मिळते. आपल्याकडची टायरमधली सगळ्यात मोठी कंपनी, एम.आर.एफ., १९४६ साली मद्रासला फुगे बनवत सुरू झाली. धंदा पहिल्यापासून हवेचाच आहे.

गाडी बाहेर निघाली. आठशे रुपये झाले. दाजी म्हणाले, "पाचशे घे ना." त्यानं टायरांकडं एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्या महागाचं टायर घालताय, आन् तीनशाला अडताय व्हय?"

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जिच्या नागरी अवताराचे भाग जोडून महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत गाड्या काढायला सुरुवात केली, तिचा टायर होता ६.०० बाय १६. म्हणजे रुंदी सहा इंच. आजच्या थारच्या टायरची रुंदी दहा इंच. त्या सहा इंची टायरांवर युद्ध लढलं गेलं. साताऱ्या-कोल्हापुरातल्या वडापच्या जीपा तर रिमोल्ड टायरांवर, आत चौदा, टपावर कोंबड्या आणि मागं दोघं लटकलेले, अशा कितीतरी वर्षं वाडी-वस्त्यांचे कच्चे चढ चढत होत्या. त्या ड्रायव्हरांना तुम्ही ए.टी. लावता की एम.टी. असं विचारलं असतं, तर त्यांनी कासला जायचं तिकीट फाडून हातात दिलं असतं. मराठवाड्यातल्या काळ्या रानात तर पाऊस पडला की ट्रॅक्टरसुद्धा घरी बसतो. त्या मातीला जिंकणारा टायर अजून कुठल्याच कंपनीनं काढलेला नाही, आणि तिथल्या शेतकऱ्यानं मागितलेलाही नाही. तो वापसा यायची वाट बघतो.

तेव्हा महाराष्ट्रात फोर बाय फोर चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : कंपनीच्याच मापाचे ए.टी. घ्या. घेताना साइडवॉलवरचे उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर आहे, आणि दुकानदार 'ताजा माल' म्हणत असला तरी कॅलेंडर आपल्याही घरी असतं. उरलेल्या पैशांत हवा मोजायचं चांगलं मीटर आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्या. चिखलात उतरण्याआधी हवा काढा, डांबरावर चढण्याआधी भरा. आणि कोकणात गेलात तर गाडी पुळणीवर घालू नका. वेळास, आंजर्ले, केळशीच्या वाळूत कासवं अंडी घालतात, आणि भरतीला ए.टी.-एम.टी. यांतला फरक कळत नाही.

दाजींचे जुने टायर पुन्हा गाडीला लागलेत. चारच, अळूचा टायर द्यायला ताईनं साफ नकार दिला, त्यामुळं स्टेपनी एम.टी.च आहे. उरलेले चार एम.टी. विकायचे आहेत. एकदाच चिखल पाहिलाय, तोही वीस फूट. पांढरी अक्षरं चकचकीत, कुशीचे केस बऱ्यापैकी शाबूत. कुणाला हवे असतील तर सिंहगड रोडला येऊन न्यावेत. किमतीत घासाघीस चालेल, फक्त ताईसमोर करू नये.